तीन रकान्यांत न मावणारं नाव

समजा, प्रज्ञा श्रीधर सोमण नावाची मुलगी बडोद्याच्या दांडिया बाजारात लहानाची मोठी झाली. जन्मदाखल्यावर ती प्रज्ञा श्रीधर सोमण आहे. गुजराती शाळेच्या रजिस्टरात ती ‘सोमण प्रज्ञाबेन श्रीधरभाई’ झाली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आलं, आणि इंग्रजी स्पेलिंग ‘प्रग्ना’ असं पडलं. लग्न होऊन ती पुण्याला गेली, सासरी तांदळात ‘नेहा’ लिहिलं गेलं, आणि आधार कार्ड काढायची वेळ आली तेव्हा त्यावर ‘नेहा निनाद लेले’ चढलं. पॅन कार्ड नोकरीला लागताना काढलेलं, म्हणून ते माहेरच्या नावाचं. पुढे कधीतरी ती प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे काढायला जाते आणि संगणक सांगतो, नाव जुळत नाही.

हे उदाहरण रचलेलं आहे, पण बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरातली फाईल उघडा, यातलं निम्मं तरी सापडेल. आणि त्यातली एकही नोंद खोटी नाही. ज्याने त्याने आपल्या रीतीप्रमाणे बरोबरच लिहिलेलं असतं. घोळ होतो तो या रीती एकमेकींच्या शेजारी येतात तेव्हा.

नाव म्हणजे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं एकामागोमाग लिहिलेली असतात. तू कोण? कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी? कुठल्या घरातली? कुठल्या गावची? प्रत्येक समाजाने यातले काही प्रश्न निवडले, काही सोडले, आणि त्यांचा क्रम आपापल्या सोयीने ठरवला. फॉर्मवरचे तीन रकाने मात्र इंग्रजी रिवाजातून आले. पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव. त्या रिवाजात मधलं नाव हे त्या माणसाचंच आणखी एक नाव असतं. आजीच्या आठवणीसाठी ठेवलेलं असेल, आवडलं म्हणून ठेवलेलं असेल; गाळलं किंवा नुसतं आद्याक्षर लिहिलं तरी फारसं अडत नाही. आपलं मधलं नाव तसं नाही. ते आपलं नसतंच, ते वडिलांचं असतं. त्या रकान्यात आपण नातं लिहितो. म्हणून परदेशी कचेरीतला माणूस जेव्हा ‘श्रीधर’ हे प्रज्ञाचंच दुसरं नाव समजतो, तेव्हा त्याची चूक नसते आणि आपलीही नसते.

या बाबतीत आपले सर्वांत जवळचे नातेवाईक निघतात रशियन लोक. लेव्ह निकोलायेविच टॉलस्टॉय, म्हणजे निकोलायचा मुलगा लेव्ह, टॉलस्टॉय घराण्यातला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अगदी आपली रचना. फरक इतकाच की तिथे वडिलांच्या नावाला मुलासाठी एक आणि मुलीसाठी दुसरा प्रत्यय लागतो, आणि मोठ्या माणसाला आदराने हाक मारायची तर आडनाव वापरत नाहीत, नाव आणि वडिलांचं नाव मिळून हाक मारतात. आइसलँडचे लोक बहुतेक करून वडिलांच्या नावापाशीच थांबले, पुढे आडनाव घेतलंच नाही. योन आइनारसन म्हणजे आइनारचा मुलगा योन. त्याचा मुलगा योनसन होतो, मुलगी योन्सदोत्तिर, आणि बायको लग्नानंतरही आपल्या वडिलांचीच राहते. एका घरात चार माणसं आणि चार शेवटची नावं. म्हणून तिथली टेलिफोन डिरेक्टरी पहिल्या नावाप्रमाणे लावलेली असे. १९८० ते १९९६ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या विग्दीस फिन्बोगादोत्तिर यांचा उल्लेखही तिथे ‘विग्दीस’ असाच होतो. त्यात सलगी नाही. त्यांचं नावच ते आहे, पुढचा शब्द वडिलांचा आहे.

इतकं लांब जायचीही गरज नाही. कोयलीची रिफायनरी, आयपीसीएल, जीएसएफसी या बडोद्याजवळच्या कारखान्यांच्या वसाहतींत दक्षिणेकडची कितीतरी कुटुंबं आली. तमिळ घरात वडिलांच्या नावाचं आद्याक्षर स्वतःच्या नावाआधी लागतं आणि आडनाव नसतं. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांचं स्वतःचं नाव आनंद. विश्वनाथन हे वडिलांचं. साऱ्या जगाने त्यांना लाडाने ‘विशी’ म्हटलं, म्हणजे हाक वडिलांच्या नावाची झाली. तेलुगू लोकांत घराण्याचं नाव आधी येतं. पी. व्ही. नरसिंह राव यांच्यातला ‘पी’ म्हणजे पामुलपर्ती, ते आडनाव. शेवटी आलेला ‘राव’ आडनाव नाही. तरीही शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, हा नियम धरून त्यांना देशभर ‘राव’ म्हणत राहिले.

आडनाव आधी लिहिणं ही काही मागास पद्धत नाही, हे गुजरातेत राहणाऱ्यांना सांगायला नको. चीन, कोरिया, व्हिएतनाम, जपान आणि युरोपातलं हंगेरी, सगळीकडे घराणं आधी आणि माणूस नंतर. जपानने तर शंभरेक वर्षं इंग्रजीत लिहिताना नाव उलटं करायचा रिवाज पाळला, आणि २०२० पासून सरकारी कागदांवर रोमन लिपीतही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली. स्पेनमध्ये आणि कोलंबियासारख्या स्पॅनिश भाषक देशांत दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांकडचं आणि दुसरं आईकडचं. गाब्रिएल गार्सिया मार्केस या लेखकाला आपण सर्रास ‘मार्केस’ म्हणतो; गार्सिया हे वडिलांकडचं आडनाव आपण गाळतो आणि आईकडचं ठेवतो. म्यानमारमध्ये आडनावच नाही. आँग सान सू ची या नावात वडील, वडिलांची आई आणि स्वतःची आई या तिघांच्या नावांचे तुकडे आहेत. संगणक त्यातला ‘ची’ उचलतो आणि आडनावाच्या रकान्यात टाकतो.

मग आडनावाचा इतका आग्रह आला कुठून? बराचसा सरकारकडून. कर गोळा करायचा, सैन्यात भरती करायची, जमिनीची नोंद ठेवायची, तर गावात दहा गणपती असून चालत नाही. फ्रान्सने १७९४ साली कायदा केला की जन्मनोंदीत आहे त्याखेरीज दुसरं नाव कुणी वापरू नये. जपानमध्ये १८७५ साली आडनाव सक्तीचं झालं, तुर्कस्तानात १९३४ साली. मुस्तफा केमाल यांना ‘अतातुर्क’ हे आडनाव त्याच कायद्यानंतर मिळालं. आपल्याकडे कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही मुळात कामं होती, आणि ‘कर’ लागलेली बहुतेक आडनावं गावाची. ती घट्ट झाली शाळेच्या आणि कचेरीच्या रजिस्टरांत. बाबासाहेब आंबेडकरांचं घराणं सकपाळ. शाळेत नाव घातलं गेलं ते आंबडवे या गावावरून, आंबडवेकर असं, आणि पुढे त्याचं आंबेडकर झालं. ज्या नावाने ते बडोदे संस्थानात नोकरीला आले, ते नाव शाळेच्या नोंदीतून आलेलं होतं.

बडोद्याच्या इतिहासात नावाच्या नोंदीची याहून ठळक उदाहरणं आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव काशीराव गायकवाड हा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक आला आणि सयाजीराव खंडेराव गायकवाड झाला. आडनाव तेच राहिलं, पण नावही बदललं आणि वडिलांचं नावही बदललं, कारण आता तो कै. खंडेराव महाराजांचा मुलगा होता. पुढे सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं आणि सासरी त्यांचं नाव चिमणाबाई ठेवलं. त्या वारल्यावर देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई महाराणी होऊन आल्या, आणि त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. रावपुऱ्यातला १८९६ सालचा चिमणाबाई टॉवर पहिलींच्या स्मरणार्थ आहे. १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या त्या चिमणाबाई दुसऱ्या. आज कुणी जुने कागद चाळायला बसलं तर ‘महाराणी चिमणाबाई’ एवढ्यावरून कोण ते कळत नाही, साल पाहावं लागतं. दोन वेगळ्या गावांहून आलेल्या, वेगळ्या स्वभावाच्या, वेगळं आयुष्य जगलेल्या दोन बायका नोंदीत एका नावाखाली गेल्या.

दत्तक आणि लग्न या दोन्ही प्रसंगी आपल्याकडे नाव बदलतं, ते याचसाठी की माणूस एका घरातून दुसऱ्या घरात गेला हे नावाने सांगायचं असतं. दत्तक क्वचित होतात. लग्नं रोज होतात, म्हणून या रीतीचा जवळजवळ सगळा भार बायकांवर पडतो. पुरुषाचं नाव बारशाला ठेवलं की तेच शेवटपर्यंत. बाईच्या नावातले तिन्ही शब्द एका दिवसात बदलू शकतात. तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायला दोन मिनिटं लागतात. त्याचा हिशेब मात्र पुढे पदवीच्या दाखल्यापासून पेन्शनपर्यंत द्यावा लागतो.

म्हणून हे स्पष्ट सांगितलं पाहिजे की लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा भारतात नाही. पासपोर्टलाही तशी अट नाही, बँकेलाही नाही. ‘बदलावं लागतं ना’ असं काउंटरवर कुणी म्हणालं तरी ते खरं नाही. पॅनच्या ४९-ए या अर्जात तर वर्षानुवर्षं सूचना छापलेली होती की विवाहित स्त्रीनेही वडिलांचंच नाव लिहावं, नवऱ्याचं नको. जगातही एकच रीत नाही. चीन, कोरिया, स्पेन इथे बायका आपलंच आडनाव ठेवतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९८१ पासून कायद्यानेच लग्नानंतर जन्माचं नाव कायम राहतं. दुसऱ्या टोकाला जपान, तिथे नागरी संहितेच्या ७५० व्या कलमाने नवराबायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा नवऱ्याचं असतं.

आईच्या नावाचा प्रश्नही आता कागदावर आला आहे. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी क्रम ठरवला: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तो नियम महाराष्ट्राचा. बडोद्यात जन्मलेल्या बाळाला तो लागू नाही. म्हणजे सख्ख्या भावंडांची मुलं, एक नाशिकला जन्मलेलं आणि एक इथे, त्यांच्या नावांची घडण पुढे वेगळी असणार. मला हा बदल मनापासून पटतो. नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या बाईचं नाव लेकराच्या नोंदीत ठळकपणे असायलाच हवं. पण चार शब्दांचं नाव तीन रकान्यांत कसं भरायचं, याचं उत्तर केंद्राच्या आणि दुसऱ्या राज्यांच्या फॉर्मनेही द्यायला हवं, नाहीतर आईचं नाव पुन्हा कुठेतरी गाळलं जाईल.

आता संगणक काय करतो ते पाहू, कारण बहुतेकांचं गाडं तिथे अडतं. आधारमध्ये पूर्ण नावाचा एकच रकाना आहे. पॅनच्या अर्जात तीन. पासपोर्टमध्ये दोन, आडनाव आणि नाव. मधलं असं काही नाहीच. त्यामुळे आपल्या वडिलांचं नाव आपल्या नावाच्या रकान्यात जातं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली ज्या दोन ओळी असतात, त्या यंत्रासाठी आहेत. प्रत्येक ओळीत ४४ खुणांची जागा. वरच्या ओळीत सुरुवातीला कागदाचा प्रकार आणि देश, आणि उरलेल्या ३९ जागांत नाव. आधी आडनाव, मग दोन बाणांची खूण, मग बाकीची नावं, प्रत्येकीच्या मध्ये एक बाण. आपल्या उदाहरणातली प्रज्ञा तिथे ‘सोमण<<प्रज्ञा<श्रीधर’ अशी दिसेल, अर्थात रोमन मोठ्या अक्षरांत. हा नमुना सगळ्या जगाचा एकच आहे. विमानाच्या तिकिटावर मधली जागा बऱ्याचदा गळते आणि ‘प्रज्ञाश्रीधर’ असा जोडशब्द होतो. ते पाहून घाबरून जायचं कारण नाही, तिकिटांच्या जुन्या यंत्रणा मोकळी जागा ठेवत नाहीत एवढंच.

खरी अडचण एकच नाव असलेल्यांची. इंडोनेशियाचे सुकार्नो आणि सुहार्तो दोघेही एकशब्दी नावाचे. आपल्याकडेही अशी पुष्कळ माणसं आहेत, आणि आडनावाने जात कळते म्हणून मुद्दाम ते टाकून दिलेलीही आहेत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असला की अमेरिकेच्या व्हिसावर तो एकच शब्द आडनावात जातो आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरं येतात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच शब्द असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश देणं बंद केलं. दुबईला जाणारं कुणी घरात असेल तर हे आधी पाहून ठेवावं.

बडोद्याची म्हणून दोन खास दुखणी आहेत. पहिलं ‘भाई’ आणि ‘बेन’चं. गुजराती माणूस नुसतं ‘श्रीधर’ लिहायला संकोचतो, ते त्याला उद्धट वाटतं, म्हणून शाळेचा कारकून प्रेमाने ‘श्रीधरभाई’ लिहितो. आपणही महादेवचं महादेवराव आणि लक्ष्मीचं लक्ष्मीबाई करतोच की. ब्रह्मदेशातही ‘ऊ’ हा आदराचा शब्द आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांचं नाव नुसतं थांट होतं. आदर द्यावाच, पण तो नोंदीच्या बाहेर द्यावा. मुलाच्या दाखल्यावर वडील ‘श्रीधरभाई’ आणि वडिलांच्या स्वतःच्या पॅनवर ‘श्रीधर’ असले, की पडताळणीत ती दोन माणसं ठरू शकतात.

दुसरं दुखणं ‘ज्ञ’चं. हे अक्षर आपण ‘द्न्य’ असं उच्चारतो, गुजराती ‘ग्न’ म्हणतात, हिंदी भाषक ‘ग्य’. त्यामुळे प्रज्ञा, ज्ञानेश्वर, यज्ञेश, सुज्ञा यांची इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी होतात. पुण्याची प्रज्ञा ‘डी-एन-वाय’ लिहिते, बडोद्याच्या शाळेत ‘जी-एन’ लागतं, भोपाळच्या कचेरीत ‘जी-वाय’. देवनागरीत आणि गुजराती लिपीत नाव एकच असतं. रोमन अक्षरांत ते तीन माणसांचं होतं, आणि संगणक रोमन अक्षरंच ताडून पाहतो. गायकवाड आडनावाचंही तेच, राजघराणं एका स्पेलिंगने लिहितं आणि गावातले बाकीचे गायकवाड दुसऱ्या. स्पेलिंग कुठलं बरोबर यावर वाद घालण्यापेक्षा घराने एक ठरवावं आणि ते एका कागदावर लिहून फाईलमध्ये पहिल्या पानाला लावावं.

बाळ येणार असेल तर सुरुवात तिथूनच करता येते. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, पण तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. कायदा करणाऱ्यांनी बारशाचा विचार केलेला आहे. आत्याने, किंवा गुजराती शेजारघरी फोईने, नाव ठेवलं की बारा महिन्यांच्या आत ते फीशिवाय नोंदवता येतं, आणि उशिराची फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी या दाखल्याचं वजन फार वाढलं आहे: शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पासपोर्ट, सगळीकडे जन्माची तारीख आणि जागा त्यावरूनच धरतात. राशीचं जन्मनाव पत्रिकेत राहू द्यावं, लाडाचं नाव घरात राहू द्यावं. दाखल्यावर एकच नाव जावं, तिन्ही शब्द पूर्ण, आद्याक्षर नको, भाई नको, राव नको.

मोठ्यांचं झालेलं नुकसान भरून काढायला वाट आहे. स्पेलिंगचा किरकोळ फरक असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं अॅफिडेव्हिट बऱ्याच ठिकाणी चालतं. लग्नामुळे झालेला बदल विवाह नोंदणीच्या दाखल्याने सिद्ध होतो. नावच बदलायचं तर अॅफिडेव्हिट, वर्तमानपत्रात जाहिरात आणि मग राजपत्रात प्रसिद्धी, हा ठरलेला रस्ता. आधारवरचं नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईने तिथून सुरुवात करू नये. आधी बाकीचे कागद कुठल्या नावाचे आहेत ते मांडून पाहावं आणि ज्यांची संख्या जास्त त्या नावाकडे बाकीचे वळवावेत. बोर्ड दाद देत नसेल तर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा. सीबीएसईच्या प्रमाणपत्रांसंबंधीच्या त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की आपलं नाव आपल्या इच्छेप्रमाणे असणं हा घटनेतल्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग आहे. २०२२ च्या आणखी एका निकालात, नवऱ्याच्या मृत्यूनंतर पुन्हा लग्न केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार मान्य झाला.

सर्वांत स्वस्त दुरुस्ती मात्र दहावीच्या आधी होते. बोर्डाचा फॉर्म पाठवण्यापूर्वी शाळा नाव तपासायला आणि सही करायला देते. त्या वेळी मुलाला एकट्याला सही करू देऊ नये. जन्मदाखला, आधार आणि आईवडिलांची पॅन कार्डं घेऊन शाळेत जावं, इंग्रजी आणि गुजराती दोन्ही लिपींतलं नाव एकेक अक्षर करून वाचावं, आईच्या नावाची ओळही वाचावी. तिथे चूक असेल तर शाळेच्या पातळीवर एका अर्जात ती निघते.